कात्री : आबा

१६ नोव्हें., रविवार

सकाळी गुलाबभाईंच्या भंगार दुकानात. माझ्यासाठी फोटोंची एक पिशवी बाजूला काढून ठेवलेली. म्हणाले, "बाई, बावड्यातनं आलाय माल. कुणाचं तरी जुनं घर पाडाय लागल्यात." आत बघितलं नाही. बावडा म्हणजे माझं माहेर, आणि चौदा वर्षं त्या रस्त्याला मी गाडी घातलेली नाही. पिशवी गाडीच्या हुकाला अडकवली, मुडशिंगीला घरी आले.

दुपारभर बसून 'सोफा' संपवला. कुणाचा तरी साखरपुडा. नवरा-नवरी ब्लेडनं काढून टाकली. मागे राहिला सोफा, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, भिंतीवरचं घड्याळ. लोकांनी टाकून दिलेल्या फोटोंतून माणसं कापून काढायची, एवढंच माझं काम. कापलेली माणसं कचऱ्यात. उरलेलं काळ्या बोर्डावर. केतकी (पुण्याची, जानेवारीत राजारामपुरीतल्या गॅलरीत माझं प्रदर्शन लावतेय) याला 'अनुपस्थितीचं सौंदर्य' म्हणते. म्हणू दे. शाळेत पोरांकडून सफरचंदं रंगवून घेण्यापेक्षा बरं.

इम्तियाजची सेकंड शिफ्ट, घरी मी आणि लेक. सना माझा चांगला माउंट बोर्ड शाळेच्या प्रोजेक्टला घेऊन बसली. ओरडले. मग मीच कापून दिला.

१७ नोव्हें., सोमवार

पिशवी उघडली. आमच्या घरचे फोटो आहेत. आई, आबा, धाकटा बाळू.

मी नाही.

म्हणजे आहे. भोक आहे.

१८ नोव्हें., मंगळवार

शाळेला दांडी. फरशीवर सगळे पसरून बसले.

प्रत्येक फोटोतून मला कापून काढलंय. फाडून नाही, ओरबाडून नाही. कात्रीनं, सावकाश, कडेकडेनं. बेंदराच्या सणाचा फोटो: आबा, बाळू, शिंगं रंगवलेला बैल, आणि मध्ये फ्रॉकच्या आकाराचं भोक. बैलाचा कासरा त्या भोकात जातो आणि संपतो. शाळेतला बक्षिसाचा फोटो: पाहुणे वाकून हसत हसत कप देतायत, कुणालाच नाही. मागं सगळं स्टेज टाळ्या वाजवतंय.

जोतिबाच्या पायऱ्यांवरचा सगळ्यांत वाईट. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. खांदा नाही. आईची बोटं तेवढी हवेत. बोटांच्या कडेनं कात्री अशी फिरवलीय की नखाला धक्का लागलेला नाही.

इतकी वर्षं लोकांची माणसं कापतेय. मला इतकं नीट जमत नाही.

आबा कारखान्यात फिटर होते. हात पहिल्यापासून स्थिर. कधी केलं असेल हे? मी घर सोडलं त्या आठवड्यात? जेवून उठल्यावर? चष्मा लावून? आई काय करत होती तेव्हा, भांडी घासत होती?

२० नोव्हें., गुरुवार

इम्तियाजला दाखवले. डबा हातात तसाच धरून उभा राहिला. म्हणाला, "भंगारात टाकताना तरी बघायचं हुतं की. तेवढीबी लाज न्हाई?"

मग थोड्या वेळानं, "अम्मी तुला रोज बोलती. पण आपल्या दोघांचा फोटो भिंतीवर लावलाय तिनं."

खरं आहे. टोमणा मारल्याशिवाय त्या मला पाण्याचा ग्लास देत नाहीत. पण दर शुक्रवारी त्या फोटोवरची धूळ पुसतात.

"जाळून टाक," म्हणाला. मी पिशवी कपाटात ठेवली.

२३ नोव्हें., रविवार

गुलाबभाईंना विचारलं, माल कुणी दिला. "दूधसंस्थेचे बाळासाहेब हाईत न्हवं, त्यांनी. आरसीसी बांधाय लागल्यात. टेम्पो भरून दिलं सगळं. का वो, काय खराब निघालं?" नाही म्हटलं.

माझा धाकटा भाऊ बाळासाहेब झाला, हे मला भंगारवाल्याकडून कळावं.

आई गेल्याचं तरी कुठून कळलं होतं? कावळा नाक्याच्या सिग्नलला, डिजिटल फ्लेक्सवरून. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आईचा फोटो, भोवती ढग आणि दोन कबुतरं. खाली शोकाकुल म्हणून आख्ख्या भावकीची नावं, संस्थेच्या शिपायापर्यंत. सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवत होता, मी नावं वाचत होते. माझं कुठेतरी तळाला बारीक अक्षरात असेल म्हणून.

२७ नोव्हें., गुरुवार

केतकीचा व्हिडिओ कॉल. नवीन काय केलंस म्हणाली. टेबलावर ते फोटो तसेच पडलेले. तिला मागं दिसले. "थांब थांब, ते काय आहे? जवळ ने." नेले. एकेक करून सगळे दाखवायला लावले. जोतिबाचा दोनदा दाखवायला लावला.

"वैजू, हे तुझं आजवरचं सगळ्यात ताकदीचं काम आहे."

मी फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"तू कुठेतरी अडकली होतीस ना, ते सुटलंय यात. ती बोटं! कसं सुचलं तुला?"

फोन ठेवल्यावर हसायला आलं. सहा महिने डोळे फोडून ब्लेड चालवतेय. 'सोफा' बघून ही बाई "छान" म्हणाली होती.

२ डिसें., मंगळवार

केतकीला फोन करून खरं ते सांगितलं. फोटो माझ्याच घरचे. कापलेली मीच. कापणारे माझे वडील. का, तर मी इम्तियाजशी लग्न केलं.

मला वाटलं गप्प होईल. ती तर आणखीच पेटली. "अगं मग तर हे मधोमध लागायला हवं! वेगळी भिंत. मजकूर मी लिहिते." संध्याकाळी मजकूर आलासुद्धा. 'पितृसत्तेची कात्री' असं शीर्षक. खाली दोन परिच्छेद, त्यांत आबा नाहीत, आई नाही, मीही नाही. मी कळवलं की हे लावलंस तर एकही चित्र मिळणार नाही.

मग ती म्हणाली, "बरं, मग त्या मालिकेखाली कलाकार म्हणून काय लिहू?"

प्रश्न बरोबर होता.

४ डिसें., गुरुवार

ठरवलं. लेबलवर दोनच ओळी. 'कात्री : आबा. मांडणी : वैजयंती.' आडनाव नाही, गाव नाही. केतकीला भयंकर आवडलं. त्यामुळे मला थोडं कमी आवडलं.

९ डिसें., मंगळवार

भोकांच्या मागं काय ठेवायचं? काळा बोर्ड ठेवला, श्राद्धाचा फोटो वाटायला लागला. पांढरा ठेवला, ओळखपत्रावरचा. मग मूर्खासारखं माझ्या आत्ताच्या फोटोची प्रिंट काढली आणि बेंदराच्या भोकामागं सरकवली. फ्रॉकच्या आकारात बेचाळीस वर्षांची बाई. केस पिकलेले, चष्मा, बैलाचा कासरा हातात. सना हसून लोळली. मलाही हसू आलं आणि मग इतका राग आला की ती प्रिंट चुरगाळून टाकली.

मागं काहीच नको. फ्रेम तशीच भिंतीला लागेल. गॅलरीची भिंत दिसू दे.

१४ डिसें., रविवार

बाळूचा फोन. नंबर माझ्याकडे नव्हता, आवाज ओळखला. मागं म्हैस ओरडत होती.

केतकीनं प्रदर्शनाचं पोस्टर इंटरनेटवर टाकलंय, त्यावर बक्षिसाचा फोटो. तो बावड्यातल्या कुठल्या तरी ग्रुपवर फिरला.

"अक्का, हे काय लावलंयस तू?"

चौदा वर्षांनी पहिलं वाक्य.

"तुला कसं कळलं माझाच फोटो आहे? मी तर त्यात नाही," म्हटलं.

"चेष्टा नको. संस्थेची निवडणूक लागलीया माझी. आणि त्यात हे. आबांनी कापलं ते कापलं, रागाच्या भरात. आता म्हातारपणी त्यास्नी चव्हाट्यावर आणतीस व्हय?"

"आबांनीच कापलं?"

"मग काय मी कापलं? समोर बसलोतो मी. बाहेरच्या सोप्यात बसून कापत हुते."

"आणि कापलेले तुकडे?"

"मला काय ठावं? टाकलं असतील."

"फोटो तूच भंगारात दिलेस, बाळू."

जरा वेळ नुसती म्हैस. मग म्हणाला, "मला काय म्हाईत पिशवीत काय हाय. माणसं लावली हुती सामान काढाय." आणि ठेवला.

आईचं कसं झालं, शेवटी काय म्हणत होती, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

१५ डिसें., सोमवार

इम्तियाजशी भांडण. कागलच्या त्याच्या कंपनीत शेजारच्या मशीनवाल्यानं त्याला ते पोस्टर दाखवलं. "खाली लोकांनी काय काय लिवलंय ते वाचलंस? वाच. मग लाव भिंतीवर."

मी वाचलं होतं. आमच्या लग्नाला वेगळंच नाव देणारे, सनाची जात-धर्म विचारणारे, ज्यांना मी ओळखत नाही आणि जे मला ओळखत नाहीत. शेकड्यांनी.

म्हटलं, "घाबरलास?"

"व्हय, घाबरलोय. दोन वाजता शाळेतनं पोरगी येती आपली, रस्त्यानं चालत. घाबरू नको व्हय?"

मग आवाज खाली आणून, "तुझ्या बापानं तुला कापलं, ते तू जगाला दावणार. बरं. पण ज्याच्यापायी कापलं, त्यो कुठं हाय गं तुझ्या त्या प्रदर्शनात? माझा एक तरी फोटो हाय?"

खरंच नाही. इतक्या वर्षांच्या कामात इम्तियाज कुठेच नाही. मला कधी सुचलंही नाही.

जेवला नाही. मीही.

१८ डिसें., गुरुवार

पोस्टर काढून टाकायला लावलं केतकीला. ती: "तू शरण जातेयस." मी: "तू पुण्यात राहतेस."

मालिका मात्र राहणार. इम्तियाजला तसं सांगितलं. "तुला करायचं तेच करतीस तू," म्हणाला. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखं. सनाला शाळेतून आणायला आता त्याची अम्मी जातात. मला एक शब्द न बोलता जायला लागल्या. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

८ जाने., गुरुवार

गॅलरीत फ्रेमा लावल्या. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. माझी चित्रं दोन लांब भिंतींवर, आबांची मालिका समोरच्या एका छोट्या भिंतीवर. लाइट लावल्यावर भोकांची सावली मागच्या भिंतीवर पडली. हे मी केलेलं नाही, तरी लाइट दोनदा बंद करून परत लावला.

१० जाने., शनिवार

उद्घाटन. गर्दी बरी. कलाशाळेतले जुने सर आले, मास्तर मंडळी, केतकीची पुण्याहून आलेली माणसं. इम्तियाज फर्स्ट शिफ्ट करून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, दाराजवळ उभा राहिला. कुणी ओळख विचारली की मीच जाऊन सांगत होते, हे माझे मिस्टर. लोक अतिशय अदबीनं बोलत होते त्याच्याशी. इतक्या अदबीनं की त्याला घाम फुटला.

सगळे जाऊन त्या छोट्या भिंतीसमोर उभे. सर म्हणाले, "वैजयंती, ही कात्री बघ. कापणाऱ्याचं किती प्रेम असेल."

प्रेम! मला ओरडावंसं वाटलं. नीट कापलं म्हणजे प्रेम? आबा ऊसही नीट कापायचे.

माझ्या भिंतींकडे कुणी फार थांबलं नाही. 'सोफा'समोर एक माणूस बराच वेळ होता. नंतर कळलं, फोनवर बोलत होता.

११ जाने., रविवार

इम्तियाज सनाला घेऊन आला. ती सगळ्या भोकांत डोकावली. "हे सगळे तू?" हो म्हटलं. आबांच्या फोटोवर बोट ठेवून, "आणि हे माझे आजोबा?" हो. "हँडसम आहेत," म्हणाली. इम्तियाज खिडकीतून खाली रस्ता बघत होता.

१३ जाने., मंगळवार

आबा आले.

दुपारची वेळ, गॅलरीत कुणी नाही. जिन्यावर काठीचा आवाज. आधी बाळू दिसला, जाड झालाय, मनगटात कडं. मागून आबा. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, दाढी केलेली. इतके लहान झालेत. मी उठून उभी राहिले. वाकू की नको ते समजेना, तेवढ्यात ते माझ्यासमोरून पुढं गेले.

आधी माझ्या भिंती बघितल्या. एकेका फ्रेमसमोर थांबून. 'सोफा'शी आल्यावर न वळता म्हणाले,

"ही कुणाची माणसं?"

चौदा वर्षांनी.

"माहीत नाही, आबा. टाकून दिलेले फोटो आहेत."

"मग कापलीस कशाला?"

"कामच ते माझं."

"हं."

मग त्या छोट्या भिंतीकडे. बेंदराच्या फोटोपाशी बैलाचं नाव पुटपुटले. बक्षिसाच्या फोटोपाशी थांबलेच नाहीत. जोतिबाच्या समोर उभे राहिले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. काचेवर, आईच्या तोंडाजवळ, बोट टेकवलं. मग खाली लेबल वाचलं. मोठ्यानं, अक्षर अक्षर लावून. "कात्री. आबा."

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"तुला कुणी सांगितलं?"

मी बाळूकडे बघितलं. बाळू मोबाइलमध्ये.

"मी न्हाई कापलं," आबा म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मग कुणी कापलं?"

"तुझ्या आईला इच्यार."

"आई गेली, आबा."

"ते मला सांगतीस व्हय?" आवाज एकदम पहिल्यासारखा, घरभर घुमायचा तसा. गॅलरी हादरली. मग बाळूला, "चल रं."

जिन्याशी मी हात पुढं केला. त्यांनी कठडा धरला.

१४ जाने., बुधवार

संक्रांत. शाळेत तिळगूळ. गोड बोला म्हणत पोरं हातावर ठेवतायत आणि मला काही ऐकू येत नाही.

बाळूला फोन केला. म्हटलं, तू समोर बसलेलास म्हणालास. "अक्का, मला आता नीट आठवत न्हाई. मी ल्हान हुतो." तेवीस वर्षांचा घोडा होता.

"कुणीतरी एकजण खोटं बोलतंय, बाळू."

"मग मलाच धर. सोपं पडतंय." ठेवला.

आई. दर महिन्या-दोन महिन्यांनी शेजारच्या मालनकाकूंच्या फोनवरून बोलायची. पाच मिनिटं. जेवलीस का, पोरगी कशी हाय, सासू बोलती का. शेवटी दरवेळी, "ठेवते, आबा आलं." मी त्या पाच मिनिटांवर जगलेय. त्या घरात एक माणूस माझ्या बाजूचं आहे, या हिशेबावर.

त्याच हातांनी?

१५ जाने., गुरुवार

मालनकाकूंना फोन. त्यांना कमी ऐकू येतं, ओरडून बोलावं लागलं.

"फोटो व्हय? मी काय बघितलं न्हाई बाई. तुझी आई एकदा म्हणालती, ह्यो माणूस समदं पेटवाय निघालाय, घरातला एकबी फोटो ठेवत न्हाई म्हणतोय."

"मग?"

"मग काय? पेटवलं न्हाईत न्हवं? तुझ्याकडंच हाईत की."

"कुणी कापले, काकू?"

"तुझी आई रडायची, एवढं मला ठावं."

यातून काहीही काढता येतं. आईनं बाकीचे फोटो वाचवायला मला कापलं. किंवा आबांनी पेटवायच्या ऐवजी कापलं, आणि आता ती गेली म्हणून तिच्या अंगावर ढकललं. दोन्ही पटतं. दोन्ही सहन होत नाही. आबांचा राग करायची मला सवय आहे, तो राग म्हणजे घरातलं जुनं कपाट, अंधारातसुद्धा धक्का न लागता बाजूनं जाता येतं. आईचा राग कुठं ठेवू?

इम्तियाजला सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. म्हणाला, "कुणीबी कापलं असू दे. कापताना आडवं कोण आलं का?"

१६ जाने., शुक्रवार

केतकीचा फोन, आवाजात आनंदाच्या उकळ्या. बंगळूरचा कुणी संग्राहक आबांची आख्खी मालिका मागतोय. फक्त कलाकाराचं नाव एकच पाहिजे, स्वच्छ. "लेबलचं काहीतरी ठरव. वडील तर वडील, तू तर तू."

"वडील नाही म्हणतात."

"म्हणजे?"

"आई असेल म्हणतात."

"ओह," केतकी म्हणाली. मग, अगदी हळू, "हे तर अजूनच..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. शाळेतून थेट गॅलरीत गेले आणि लेबल नखानं खरवडून काढलं. थोडा कागद चिकटून राहिला. केतकी म्हणते लेबलशिवाय विकता येत नाही. नको विकू म्हटलं. माझं डोकं फिरलंय असं तिनं गॅलरीवाल्यांना सांगितलं. ते मला चहा पाजून समजावत होते.

१८ जाने., रविवार

शेवटचा दिवस. संध्याकाळी फ्रेमा उतरवल्या. इम्तियाज टेम्पो घेऊन आला, न सांगता. माझी बरीचशी चित्रं परत घरी. 'सोफा' गॅलरीवाल्यांनी ठेवून घेतला, रिसेप्शनमध्ये लावायला. सोफ्याच्या वर.

खाली रस्त्यावर बाळू उभा. बुलेटवर बसून. इम्तियाजकडे बघितलं नाही, इम्तियाज दोरी बांधत होता तिथून दोन हातांवर. मला बाजूला बोलावलं.

"आबा फोटो मागाय लागल्यात."

"कुठले?"

"आपल्या घरचे. परवाधरनं जेवणात लक्ष न्हाई त्यांचं. आण म्हणत्यात."

"भंगारात गेले तेव्हा नाही आठवले?"

"अक्का, भांडाय न्हाई आलो मी. दे."

देणार होते. हात टेम्पोतल्या फ्रेमांकडे गेलाही. मग म्हटलं, "त्यांना घरी येऊन न्यायला सांग. मुडशिंगीला."

"ते न्हाई यायचे तुझ्याकडं."

"मग मी आणून देते. बावड्याला."

बाळूनं बुलेटची किल्ली फिरवली, परत बंद केली. माझ्या स्वतःच्या घरी मी येते म्हटलं, आणि तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होता, कुणी ऐकलं का म्हणून.

"इच्यारून सांगतो," म्हणाला.

२० जाने., मंगळवार

बाळूचा फोन नाही. फोटो फ्रेमांतून काढून साध्या कागदात गुंडाळले. शाळेत मोठ्या बाई म्हणाल्या, प्रदर्शन गाजलं म्हणे. हो म्हटलं.

रागावले आहे की वाट बघतेय, मला सांगता येणार नाही. फोन वाजला की हात ओला असला तरी धावते.

२२ जाने., गुरुवार

आला फोन. पाचच्या सुमाराला. भाकऱ्या थापत होते, सना ओट्याशी अभ्यास करत होती. हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर टाकला.

"ये म्हणाल्यात आबा."

थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"रविवारी ये. जेवाय."

"बरं," म्हटलं, आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"अक्का, एकटी ये म्हणाल्यात."

तव्यावरची करपली. गॅस बंद केला. तो पलीकडे बोलतच होता, आबांचं वय, भावकी, नवीन घराची वास्तुशांत व्हायचीय, हळूहळू होईल सगळं, एकदम कसं. बरोबर बोलत होता. समजूतदारपणे. मी ऐकत होते आणि आबांनी ते कसं म्हटलं असेल ते डोळ्यांसमोर येत होतं. रागानं नसेल म्हटलं. सहज.

"कळवते," म्हणाले.

इम्तियाज सेकंड शिफ्टला. अजून त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर जा म्हणेल. तेच नको आहे.

सनानं स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं, पुढचं नाही. वही तशीच टाकून कपाट उघडून बसली. ईदचा हिरवा ड्रेस काढला, पलंगावर पसरला. मग दिवाळीचा निळा काढला, तो त्याच्याशेजारी ठेवला.

"मम्मी, रविवारी आजोबांकडं जाताना ह्यातला कुठला घालू?"